दारापुरतं पाणी

काँक्रीटचे रस्ते तपासणं हा माझा उद्योग. सोलापुरातल्या एका खाजगी प्रयोगशाळेत मी बरीच वर्षं आहे आणि इतक्या वर्षांत मला एकच गोष्ट जमलेली नाही, ती म्हणजे गप्प बसणं. राग नाकाच्या शेंड्यावर असतो, असं घरचे म्हणतात. असेना का! ट्रॅक्टर जायच्या रस्त्यावर पापडाएवढं पातळ काँक्रीट थापलेलं दिसलं की कुणाचंही डोकं फिरेल. आमचे हे म्हणतात, "तू रस्ते तपास, माणसांना कशाला तपासतेस?" त्यांना काय जातंय बोलायला.

मागच्या थंडीत वळसंगच्या बाजूच्या एका गावातून बोलावणं आलं. गल्लीतला काँक्रीटचा रस्ता, होऊन दोन वर्षंही झाली नव्हती, आणि एका घरासमोर खराब झाला होता. बाकीची गल्ली ठणठणीत. त्या एकाच दारासमोर झाडू मारला की पिठासारखी धूळ उडायची, खडी वर आलेली. त्या घरात एक बाई एकटी राहायची आणि तिच्या दोन म्हशी होत्या. झालं! ठेकेदार म्हणाला, म्हशींच्या खुरांनी आणि मुतानं रस्ता खाल्ला, मी दुरुस्ती करणार नाही. गावालाही ते पटलं. सगळं खापर म्हशींच्या डोक्यावर फुटलं आणि म्हशी गल्लीतून हलवा, असं पंचायतीत ठरूनही गेलं. तालुक्याच्या साहेबांनी तेवढं म्हटलं की कागदोपत्री एकदा तपासून घ्या, म्हणून आम्ही.

आम्ही म्हणजे मी आणि आमचे चाचा. रस्त्यातून काँक्रीटचा गोल तुकडा कापून काढायचं मशीन असतं, ते चाचा चालवतात. त्या तुकड्याला कोअर म्हणतात. चाचा घरी उर्दू बोलतात, माझ्याशी मराठी, आणि मशीन अडलं की दख्खनीत त्याचा उद्धार करतात.

गाडीतून सामान उतरवेपर्यंत अख्खी गल्ली जमली. सरपंच आले, खुर्च्या आल्या, चहा आला. ती बाई मात्र दारातच उभी होती. पन्नाशी ओलांडलेली, डोक्यावर पदर. गल्ली तिला अक्का म्हणत होती, मीही म्हणू लागले. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, एकुलती मुलगी अक्कलकोटला दिलेली. माणसांशी ती मराठीत बोलायची आणि म्हशींशी कानडीत. मी जवळ गेले तशी ती हळूच म्हणाली,

"मॅडम, माझ्या म्हशींनी केलंय का हे, येवढंच सांगा. केलं आसंल तर मी काय बोलनार न्हाय. सांजच्याला टेम्पो येनार हाय."

"टेम्पो कशाला?"

"व्यापाऱ्याचा. गावाभाईर ठिवायला मला रान न्हाय, आन राखन कोन करनार? इकायच्याच की मग."

असं कुणी तोंडावर विचारलेलं मला नको वाटतं. कारण यंत्र काय सांगणार हे मलाही आधी ठाऊक नसतं, आणि ते जे सांगेल तेच मला लिहावं लागतं. तिचा घरखर्च त्या दोन म्हशींच्या दुधावर चालायचा. मी म्हटलं, "बघू अक्का," आणि कामाला लागले.

पहिल्यांदा हातोडी. नाव हातोडी, पण दिसते जाड बॅटरीसारखी. टोक रस्त्यावर टेकवून दाबायचं, आतली स्प्रिंग ठोका मारते, ठोका किती उसळून परत आला त्याचा आकडा दिसतो. काँक्रीट कडक असेल तर आकडा मोठा. मग दुसरं यंत्र. त्याच्या दोन वाट्या जेली लावून रस्त्यावर ठेवल्या की एकीतून आवाजाची लाट निघते आणि दुसरीत पोचते. आत पोकळ असेल, चीर असेल, तर लाटेला उशीर होतो. जेली बघून बायकांना ऊत आला.

"आगं बया, रस्त्याची सोनोग्राफी करती की ही!"

"कितवा म्हैना हाय म्हनं?"

"जुळी आहेत," मी म्हटलं, "आणि दोन्ही तुमच्यावर गेलीत, लई बोलत्यात." मग सगळ्या हसल्या. अक्कासुद्धा जराशी हसली.

लाट सगळीकडे झपकन पोचत होती. म्हणजे आतला माल चांगला होता, ठेकेदारानं सिमेंट खाल्लेलं नव्हतं. खरं सांगते, मी जरा हिरमुसलेच. येतानाच मी त्याला मनातल्या मनात चोर ठरवून टाकला होता. दुखणं वरच्या थरातच होतं. वरचा थर म्हटल्यावर म्हशींचंच नाव पुढे येणार, हे दिसत होतं. सरपंच खुर्चीतून म्हणालेच, "मी काय म्हनत होतो?"

पण हातोडीचे आकडे मी खडूनं रस्त्यावरच लिहीत चालले होते. गल्लीच्या तोंडापासून अक्काच्या शेजारणीच्या घरापर्यंत आकडे एकसारखे, चांगले. शेजारणीची भिंत संपली आणि अक्काची सुरू झाली, तिथं आकडा धाडकन खाली. अक्काचं घर संपेपर्यंत खालीच, आणि पुढच्या घराची भिंत लागली की पुन्हा वर. मी दोनदा फिरून पाहिलं. तेच!

"सरपंच," मी म्हटलं, "म्हशी काय भिंतीची रेघ बघून पाय टाकतात व्हय? रोज गल्लीच्या तोंडापर्यंत जातात त्या, सगळ्यांच्या दारावरून."

"पन बांधत्यात तर हितंच की मॅडम. धार हितंच काढत्यात."

त्यांचंही बरोबर होतं. मग माझं लक्ष समोर गेलं. गल्लीच्या त्या बाजूला घरं नव्हती, एका गोदामाची लांबलचक मागची भिंत होती, आणि अक्काच्या दारासमोर त्या भिंतीला लागून जळणाच्या तुरकाट्यांचा मोठा ढीग रचलेला होता. कधीचा, म्हणून विचारलं. रस्ता झाला त्याच हंगामातला, तेव्हापासून हललेला नाही, वरचं वर घालतात आणि वरचंच काढतात. म्हणजे ढिगाखाली म्हशीचं पाऊल पडलेलं नव्हतं, शेणमूतही नाही.

"ढीग हलवा," मी म्हटलं.

बरीच कुरकुर झाली. पण माझा चेहरा बघून चाचाच पुढे झाले, "हलाव ना बाबा, नईं तो मॅडम हमकोच हलाती." चार जणांनी मिळून काट्या बाजूला केल्या. चाचांनी तिथं एक कोअर काढला, आणि गल्लीच्या मधोमध, शेजारणीच्या दारासमोर दुसरा. दोन्ही तुकडे पुसून, मधून फोडून मी अक्काच्या ओट्यावर ठेवले आणि त्यांच्यावर औषध मारलं. हे औषध चांगल्या काँक्रीटवर पडलं की गुलाबी होतं. काँक्रीट नीट पिकून घट्ट झालेलं नसेल तर त्यात हवा शिरते, आणि जिथपर्यंत हवा शिरली तिथपर्यंत रंग येत नाही.

शेजारणीच्या दारातला तुकडा वरपर्यंत गुलाबी झाला. ढिगाखालचा खालून गुलाबी, पण वरचं बोटभर तसंच पांढरं राहिलं. जिथं म्हैस कधी उभी राहिली नव्हती, तिथंही दुखणं तेच.

"म्हशींचा काही संबंध नाही," मी मोठ्यानं म्हटलं. अक्कानं पदरानं तोंड पुसलं. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! तेव्हाच सामान आवरून निघायला हवं होतं. पण मला गप्प बसवत नाही. आणि कारण तर लिहावं लागणारच होतं.

"रस्ता झाल्यावर पाणी कुणी मारलं?" मी विचारलं. काँक्रीट टाकल्यावर पहिले काही दिवस ते ओलं ठेवावं लागतं, तरच वरचा थर पिकतो. आमच्याकडच्या उन्हाळ्यात तर सकाळी मारलेलं पाणी दुपारपर्यंत टिकत नाही. ते काम ठेकेदाराचं.

"आमी!" दोन-तीन बायका एकदम अभिमानानं म्हणाल्या. ठेकेदारानं टँकर वाचवला होता आणि 'तुमचाच रस्ता हाय, पाणी तुमीच घाला' असं सांगून हात झटकले होते. मग शेतकरी माणसांनी शेतातल्यासारखंच केलं. चिखलाचे बांध घालून रस्त्याचे वाफे केले, प्रत्येक घराचा एक वाफा, पार समोरच्या गोदामापर्यंत. "रोज भरत हुतो की. दोन येळ."

"आणि अक्काचा वाफा?"

अक्का म्हणाली, "मी हितं कुटं हुते? लेकीचं बाळंतपन हुतं. मी अक्कलकोटला. म्हशी हिच्यावर सोपवून गेलते." तिनं शेजारणीकडे पाहिलं. शेजारीण तिच्यापेक्षा थोडी लहान, मघापासून सगळ्यांत जास्त हसणारी. तिचं तोंड उतरलं.

"मी म्हशींचं समदं केलं, मॅडम," ती माझ्याकडे बघून म्हणाली, अक्काकडे नाही. "धारा काढल्या, वैरन घातली. दोन येळ पानी पाजलं. हितनंच घागरी नेत हुते."

"याच रस्त्यावरून?"

"व्हय."

मला तेव्हा तरी तोंड आवरायला हवं होतं. "मग त्यातला एखादा तांब्या वाटेत ओतायला काय झालं होतं?"

"त्यो तिचा वाफा हुता की, मॅडम. रस्त्याला पानी घाल म्हनून मला कुनी सांगितलं न्हाय." ती वाईट बाई नव्हती. अगदी मनापासून बोलत होती.

अक्का अगदी साध्या आवाजात म्हणाली, "सांगाय पायजे हुतं व्हय?"

ओरडली असती तर बरं झालं असतं. सरपंचांनी घसा खाकरला, म्हशी हितंच ऱ्हातील, ठेकेदाराला दुरुस्ती करायला लावू, असं काहीबाही म्हणाले आणि काढता पाय घेतला. बायका एकेक करून आत गेल्या. जाताना त्या माझे खडूचे आकडे चुकवून, कडेकडेनं चालत होत्या. मी अहवालात काय लिहिणार ते ठरलेलंच होतं. पाणी मारायची जबाबदारी ठेकेदाराची, ती त्यानं पार पाडली नाही. ते खरंच होतं, आणि तसंच मी लिहिलं.

कोअर काढलेली भोकं बुजवून द्यावी लागतात, त्यामुळे आम्ही उशिरापर्यंत तिथंच होतो. उन्हं उतरल्यावर टेम्पो आला. अक्कानं व्यापाऱ्याला गल्लीच्या तोंडावरूनच परत लावून दिलं, तो बडबडत गेला. मग तिनं म्हशी दारात आणल्या, कानडीत त्यांच्याशी काहीतरी बोलली आणि धारेला बसली. मी माल कालवणाऱ्या चाचांजवळ उभी राहून बघत होते.

धार संपत आली तशी शेजारीण पातेलं घेऊन आली. रोजची वेळ असावी. उंबऱ्याशी तिनं सवयीनं चपला काढल्या, आत घटकाभर टेकायला. अक्कानं पातेलं घेतलं, काठोकाठ भरलं, वर आणखी थोडं ओतलं आणि तिच्या हातात दिलं.

"बरं, ये आता," अक्का म्हणाली.

दूध सांडू नये म्हणून सावकाश, एकेक पाय सरकवत, शेजारणीनं चपला परत घातल्या.