भिंत माझी, बाई त्याची

धुळ्याच्या गाडीचा कंडक्टर जळगावच्या स्टँडवर मला हाक मारून म्हणाला, "नाना, तुमचा पेंटर गेला." मी म्हटलं, माझा कधी होता तो? पण बाकावर बसलो... त्याला महिना होत आला. गेल्या माणसाबद्दल चांगलं लिहावं म्हणतात. मी फार शिकलेलो नाही, झालं ते लिहितो.

स्वातंत्र्य आलं त्या सुमाराला हा पेंटर विष्णू आणि मी गावोगावच्या भिंतींवर केसांच्या तेलाची जाहिरात रंगवायचो. लोकांना वाटे, काय मजेचं काम! विष्णू बाई काढायला लागला की गाव जमे. त्याआधी भिंतीची शेणमाती खरवडायची, चुना फासायचा, वाळला की पुन्हा फासायचा, निळीत बुडवलेला दोरा ताणून रेघा मारायच्या, त्यानं आखून दिलेली तीच ती अक्षरं भरायची... हे बघायला कुत्रंही थांबत नसे. दिवाळीला घरोघरी भिंतींना सफेदी करत आणि आमची बाई चुन्याखाली जाई. मग पुन्हा पहिल्या गावापासून सुरुवात. रंग चिकटावा म्हणून घालायचा सरस माझी घरची उकळून द्यायची. त्या वासानं तिला जेवण जात नसे, पण विष्णूचं ताट ती आधी वाढी. भाऊ म्हणायची त्याला.

नशिराबादला एका म्हातारीनं काठीच उगारली. "मोकया केसायची बाई माह्या भितीवर? माह्या घरी सुतक हाये का?" तेलाची जाहिरात, तर केस मोकळेच हवेत, हा विष्णूचा हट्ट. मी म्हटलं, "वेणी घाल ना तिला. पार गुडघ्यापर्यंत." तो हसला. "नाना, तू भिंत घास." पण म्हातारी हटेना, तेव्हा घातली. म्हातारीनं आम्हाला ताक पाजलं. पुढे पार रावेरपर्यंत बाया आपणहून भिंत दाखवायला लागल्या.

वेणीची कीर्ती कंपनीच्या शेठपर्यंत गेली. त्यांनी धुळ्याला बोलावलं. कायमची नोकरी होती. रस्ताभर विष्णू म्हणत होता, "दोघांनाही घ्या म्हणून सांगतो. तुझ्याशिवाय माझं पान हलत नाही." शेठनं विचारलं, "ही वेणी कोणाच्या डोक्यातली?"

"माझ्या," विष्णू म्हणाला.

शेठनं माझ्याकडे बोट केलं. "आणि हे?"

"हा भिंती घासतो. असे इथं पुष्कळ मिळतील."

माझ्याकडे न बघता बोलला. मी एकटा परत आलो.

घरची म्हणाली, "त्यानं सांगलं ते सांगलं. तुमच्या तोंडाले काय कुलूप लावेल व्हतं?" मी म्हटलं, अगं, मला वाटलं आता हसेल, थट्टा केली म्हणेल... तीही गेली. शेवटच्या आजारात विचारायची, "भाऊनं असं कसं केलं हो?"

परवा धुळ्याला त्याच्या घरी जाऊन आलो. खिडकीशी त्याची खुर्ची होती. वहिनी म्हणाल्या, "तुमची फार आठवण काढायचे, नाना."

"काय म्हणून?"

त्यांना कळेना. मी पुन्हा विचारलं, "मी त्यांचा कोण, म्हणून सांगायचे?"

वहिनी पदराशी चाळा करत राहिल्या. "जळगावचे नाना... एवढंच."

खुर्चीच्या हातावर त्याच्या अंगठ्याचे रंगीत ठसे होते, वाळून कडक झालेले. त्या खुर्चीत बसून मी त्यांवर हात ठेवला. मग उठून फोटोला हार घातला. वाकडा बसला. सरळ केला नाही.