दगड वाचायला गेलो तेव्हा

इतिहासाच्या मागे लागलं की पुरावा मिळो न मिळो, किस्से मात्र पोतंभर जमतात! एकोणीसशे पन्नासच्या आसपास कोल्हापुरात आमचं तिघांचं मंडळ होतं. शिलालेख वाचणारे गोविंद मास्तर, त्यांच्या प्रत्येक वाचनाची उलटतपासणी घेणारे वकीलसाहेब, आणि लेखांचे कागदावर ठसे घेणारा मी, हायस्कुलातला ड्रॉइंग मास्तर. रविवार आला की सायकली काढायच्या!

कोडोलीला एका मळ्यात लेख कोरलेली शिळा आहे असं कळलं. गेलो. शिळा होती, पण मधली अक्षरं साफ गुळगुळीत! मळेवाला तिच्यावरच विळा पाजवत बसलेला.

"अहो, अक्षरं गेली की सगळी!" मी किंचाळलोच.

तोही हळहळला. "व्हय की, पावणं! अक्षरं हुती तवर काय धार लागायची!"

उचगावला ताम्रपट बघायला गेलो, तर घरधन्यानं थेट न्हाणीत नेलं. ताम्रपट बंबाच्या बुडाला ठिगळ म्हणून बसवलेला, अक्षरांची बाजू जाळाकडं! वकीलसाहेब मटकन खाली बसले.

"दमलायसा जणू," घरधनी म्हणाला. "आंघूळ करूनच जावा. पाणी लई लवकर तापतंय!"

एका गावच्या जत्रेत मास्तरांनी भाषण केलं. गावाचं नाव बहुधा एका जुन्या सरदारावरून पडलं असावं, म्हणाले. 'बहुधा' दोनदा म्हणाले. वर्षभरानं आम्ही परत गेलो, तर पारावरच्या म्हाताऱ्यानं त्या सरदाराचं नाव, पराक्रम, घोड्याचा रंग, सगळं धडाधड सांगितलं.

"हे कुणाकडून ऐकलं?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"आमच्या पणज्याकडनं!"

मास्तर पांढरेफटक पडले. घोडा तर त्यांनीही सांगितला नव्हता!

आजऱ्याकडं सर्व्हिस मोटारीनं गेलो होतो. तिथल्या देवीचं लुगडं बदलत असताना पुजारीणबाईंनी आम्हाला आत घेतलं. दगड बघून मास्तर पटकन बोलून गेले, "हा तर वीरगळ! गाई राखताना मेलेल्या गड्याचा!"

बाई थिजल्याच. "म्हंजी आमची आई... बाप्या हाय?"

बाईंनी जरा विचार केला. "गाया राखताना मेला न्हवं? मग आईच की!" आणि निऱ्या नीट करायला लागल्या.

गांधीहत्येनंतर अठ्ठेचाळीसच्या जाळपोळीत मास्तरांचं गावाकडचं घर जळालं. भांडीकुंडीसुद्धा लोकांनी नेली. दोनेक वर्षांनी मास्तर म्हणाले, "त्या दिवसाचाही इतिहास लिहायला हवा. बघणारे जिवंत आहेत तोवर विचारून घेऊ."

मग त्यांच्या गावात विचारत फिरलो. जो तो म्हणायचा, "जाळणारी माणसं भाईरची हुती!" शेजारच्या गावी गेलो. तिथंही तेच, "भाईरची!"

तिथल्याच एका घरी सोप्यात बसलो होतो. "आमी तर त्या दिवशी गावातच न्हवतो," घरचा म्हातारा सांगत होता. सुनेनं पाणी आणून मास्तरांपुढं ठेवलं. पितळी तांब्या, काठाखाली नाव कोरलेलं. मी वाचलं. मास्तरांच्या आईचं नाव, आडनावासकट!

मास्तरांनीही वाचलं. शिळेवरून फिरवायचे तसं बोट अक्षरांवरून हळूच फिरवलं.

म्हातारा कौतुकानं बघत होता. "आमाला वाचाय येत न्हाय बगा, मास्तर. लई जुनं असंल न्हाई?"

मास्तर पाणी प्यायले. तांब्या खाली ठेवला.

"नाही," म्हणाले. "फार जुनं नाही."