मास्तरांची खोली

त्या बाईचं तोंड टीव्हीत दिसलं की माझं डोकं अजून फिरतं. उंच टाचा घालून लोकांच्या घरात शिरायचं आणि हात पसरून म्हणायचं, बघा, केवढी ही बाल्कनी. दुपारी दोनला लागतो तो कार्यक्रम. मुंबई-पुण्याकडचे चाळीस-चाळीस मजल्यांवरचे फ्लॅट दाखवतात. किंमत कोटीत, आणि सांगते अशी की जणू मेथीची जुडी विकायला बसली हाय. माझ्या थोरल्या जावेची, शांतम्मा आक्कांची, जिंदगी या बयेनं नासवली. म्हणून सांगायला बसले.

आमी नळदुर्गचे. हायवेपासून आत, किल्ल्याच्या अंगाला दोन भावांची दोन घरं, मधी एक भिंत. थोरले पंचाक्षरी, शाळेत छत्तीस वर्षं शिक्षक. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणतं, बायकोसुद्धा मास्तरच म्हणते. धाकटे माझे मालक गौरीशंकर, त्यांचं खताचं दुकान हाय. मी शरणम्मा. तोंडानं फटकळ हाय असं लोक म्हणतात. म्हणू द्या.

आक्का आळंदच्या बाजूच्या, घरात कन्नड. लग्न होऊन आल्या तवा मराठीचा एक शब्द येत न्हवता. मास्तरांनी रोज संध्याकाळी पाटी घेऊन बसवलं आणि शिकवलं. सासू कुरकुरायची, पण मास्तर ऐकले न्हाईत. तवापासून मास्तर सांगतील तो अर्थ खरा. बाई कामाची लई. ज्वारीची कडक भाकरी अशी करतात की महिनाभर मोडत न्हाई, आणि चटणीला शेंगा स्वतः कुटतात. पण चाळीस वर्षांत कुणाच्या दारात वाटीभर साखर मागायला गेल्या न्हाईत. माझ्यासुद्धा.

दोन वर्षांमागं मास्तरांना लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालतात, आणि बोलणं एकेक शब्दानं येतं. त्यांचा संडास परसात. मागचं दार, दोन पायऱ्या, मग हौद, मग लिंबाचं झाड, आणि पलीकडं संडास. दिवसातून सहा-सात वेळा आक्का त्यांना धरून नेत होत्या. श्रावणात हौदाजवळ शेवाळलं होतं, तिथं दोघं पडले. मास्तरांचं डोकं फुटलं, आक्कांचं मनगट मोडलं. प्लास्टर घातलेल्या हातानंच त्या पुढं महिनाभर नेत होत्या. मास्तरांनी मग पाणी पिणं कमी केलं. आक्कांना कळलं तवा त्या पहिल्यांदा रडल्या.

त्याच दिवसांत हा कार्यक्रम आक्कांच्या हाती लागला. मला आधी वाटलं, म्हातारपणी हौस आली. मी चिडवायची, आक्का, कितव्या मजल्यावर घेताय म्हणून. पण त्या समुद्र बघत न्हवत्या, झुंबर बघत न्हवत्या. ती बया पलंगाजवळ गेली की आक्का पुढं सरकून बसायच्या आणि पलंगापासून संडासाचं दार किती पावलं हाय ते मोजायच्या. चार पावलं. एकदा तर तीनच. बया बाल्कनीतून समुद्र दाखवत बसली की यांचा जीव जायचा. म्हणायच्या, समुद्र काय करायचाय, आतलं दाखव की गं.

आणि एक दिवस तो शब्द आला. "आणि ही मास्टर बेडरूम," बया म्हणाली आणि दार उघडलं. आक्कांनी मला हाक मारून बोलावून घेतलं. म्हणाल्या, ऐकलंस का, शहरात मास्तरांची खोली वेगळी असते, संडाससकट. शिक्षकाला किती मान हाय बघ. मी सातवी शिकलेली, मला तरी काय ठावं? मी एवढंच विचारलं की प्रत्येक घरात मास्तर कुठून येणार. त्यावर आक्कांचं उत्तर तयार होतं. ज्या घरात असंल तिथं तो राहील, नसंल तिथं पाहुणे झोपतील. मास्तर बाजूलाच खुर्चीत होते. इंग्रजी त्यांना येतं. ते नुसतं वाकड्या तोंडानं हसले. आता वाटतं, त्यांनी तवाच सांगायला पायजे होतं. पण बायको कितीतरी दिवसांनी हसत होती, तो माणूस कसा सांगंल?

माझा मात्र त्या घरांवर भरवसा बसंना. तिथं कुठं उष्टा कप न्हाई, दोरीवर लुगडं न्हाई, उंबऱ्यात चप्पल न्हाई. आणि एक गोष्ट माझ्या लई डोक्यात गेली. मी म्हणलं, "आक्का, एवढी घरं बघितली, एका तरी घरात म्हातारं माणूस दिसलं का?"

"आत झोपले असतील गं," आक्का म्हणाल्या. "त्यांच्या खोलीत."

त्यांचा मुलगा अमरनाथ पुण्यात कंपनीत हाय. त्याची बायको निकिता पण नोकरी करते. मागच्या दिवाळीनंतर त्यानं फ्लॅट घेतला आणि फोनवर आईला सांगितलं, आई, मास्टर बेडरूम लई मोठी हाय, आतच बाथरूम, कमोड पण हाय, वास्तुशांतीला या. झालं. पोरानं बापासाठी खोली घेतली. आक्का फोन ठेवून देवासमोर जाऊन बसल्या, तासभर उठल्या न्हाईत. मग गल्लीत घरोघर सांगून आल्या. गाय जळकोटला आपल्या भावाकडं पाठवली. पाटा-वरवंटा मला दिला, म्हणाल्या, तिकडं मिक्सर असंल. मास्तरांची वाकळ धुतली, धोतरं धुतली, गोळ्यांचा डबा भरला. मास्तर एकदा म्हणाले, "चार दिवस... जाऊन... बघू." आक्कांनी ते ऐकलंच न्हाई.

जीप करून आमी चौघं रात्री निघालो, पहाटे पोचलो. फ्लॅट अकराव्या मजल्यावर. खरंच टीव्हीतल्यासारखाच, तसाच गुळगुळीत, तसंच सगळं पांढरं. मला तर पाय ठेवायला भ्या वाटत होतं. सकाळी जंगमस्वामी आले, पूजा झाली, प्रसाद झाला. मग अमरनाथच्या ऑफिसातली माणसं आली आणि निकिता त्यांना घर दाखवायला निघाली. हे किचन, ही युटिलिटी, ही बाल्कनी. मी मागनं चालत होते. बोलणं त्या टीव्हीतल्या बयेसारखंच, हात पसरणं पण तसंच.

"आणि ही मास्टर बेडरूम," निकिता म्हणाली आणि दार उघडलं.

पांढऱ्या चादरीवर आमची वाकळ अंथरलेली. वाकळीवर मास्तर बसलेले, सदऱ्याच्या गुंड्या सोडून. उशाशी गोळ्यांचा डबा. आक्का खाली बसून कपाटात त्यांची धोतरं लावत होत्या. निकिताच्या साड्या काढून त्यांनी नीट घडी करून एका बाजूला ठेवल्या होत्या. संडासाचं दार उघडं होतं, आतनं पाणी टपकत होतं. म्हणजे मास्तर जाऊन आले होते. आक्कांनी वर बघितलं आणि एवढ्या लोकांसमोर हसून सांगितलं की साडेतीन पावलं भरतात.

मग मागं कुणीतरी फिसकन हसलं. निकिता हळू आवाजात म्हणाली की आई, ही आमची खोली हाय. आक्कांना वाटलं ती चुकून बोलली. त्या म्हणाल्या, "अगं, मास्तरांची न्हवं का? आत्ताच तू म्हणलीस की."

आता मात्र सगळेच हसले. निकिताची आई पुढं आली आणि आक्कांना समजावून सांगायला लागली, लहान पोराला सांगावं तसं, की मास्टर म्हणजे मोठी, घरमालकाची. मास्तर म्हणजे शाळेतला, त्याचा इथं काय संबंध न्हाई. आक्का हातातलं धोतर तसंच धरून ऐकत होत्या. अमरनाथ दारात उभा होता. मी त्याच्याकडं बघितलं, तो फरशीकडं बघत होता. मग त्यानं आईला विचारलं, "तुमी राहायला आलात का?"

त्याला वाटलं होतं चार दिवसांचे पाहुणे. हॉलमधला सोफा ओढला की पलंग होतो, तिथं सोय केली होती त्यानं. दुसऱ्या खोलीत निकिताचं ऑफिसचं काम चालतं. असं त्यानं सांगितलं, आणि वाईट तोंड करून सांगितलं, ते मी बघितलंय. पण त्याच्या वाईट वाटण्यानं कुणाचं काय भलं झालं?

तवा मास्तर बोलले. डावा हात वर केला, वर्गात करायचे तसा, आणि लोक गप्प झाले.

"तिची चूक न्हाई," ते म्हणाले. एकेक शब्द ओढून आणत होते. "तिला... मराठी... मी शिकवलं. हा अर्थ... मीच... सांगितला."

छत्तीस वर्षांत ज्या माणसानं फळ्यावर एक काना चुकीचा लिहिला न्हाई, त्यानं पन्नास माणसांत चुकीचा अर्थ आपल्या नावावर घेतला. मला तिथंच रडू कोसळलं. आक्का रडल्या न्हाईत. त्यांनी धोतरं परत पिशवीत घातली, निकिताच्या साड्या होत्या तशा कपाटात लावल्या, चादरीवरची सुरकुती हातानं काढली. संडासात जाऊन फरशी पुसून आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आमी निघालो. अमरनाथ खाली जीपपर्यंत आला, राहा म्हणाला, पण खोली घ्या असं काय म्हणाला न्हाई.

जीपमध्ये मी तोंड सोडलं. आधी त्या टीव्हीवालीला शिव्या घातल्या. मेली, लोकांना खोल्या दाखवत फिरते, त्या कुणाच्या ते सांगत न्हाई. मग निकिताला, मग तिच्या आईला, मग अमरनाथला. बापाला साडेतीन पावलांची जागा देता येईना, आणि अकराव्या मजल्यावर चढून बसलाय. इंदापूर गेलं, मोहोळ गेलं, सोलापूर गेलं, माझं चालूच. आक्का खिडकीतून बाहेर बघत होत्या. शेवटी माझे मालक, जे दिवसात दहा शब्द बोलत न्हाईत, मागं न वळता म्हणाले, "तू तरी कुठं कुलूप काढलंस?"

ही गोष्ट मी मघापासून तुमाला सांगितली न्हाई. सांगायची न्हवतीच. आमच्या घराला मागच्या साली आमी स्लॅबची नवी खोली काढली. आत संडास, कमोड, बाजूला धरायला दांडी. मास्तर पडले त्या आठवड्यात मालक म्हणाले होते, दादाला तिथं ठेवू. मी न्हाई म्हणलं. आमच्या पोराचं, योगीराजचं, लग्न व्हायचंय, सून येईल, तिची खोली हाय ती, आजारी माणसाचा वास बसंल. गादीवरचं प्लास्टिकसुद्धा मी काढलं न्हवतं. भिंतीपलीकडनं आक्का मास्तरांना हौदाजवळून नेताना रोज ऐकू यायच्या, आणि खोलीला कुलूप होतं. आक्कांना हे सगळं ठावं होतं. त्यांच्या परसातनंच ती खोली दिसते. तरी त्या टीव्हीत खोली शोधत होत्या, माझ्याकडं शब्द टाकला न्हाई.

घरी उतरलो. मी कुलूप काढलं, गादीवरचं प्लास्टिक फाडलं, आणि दारात येऊन म्हणलं, "आक्का, या. दोघं बी या."

आक्कांनी मास्तरांचा हात माझ्या मालकांच्या हातात दिला.

"यांना न्या," त्या म्हणाल्या. "मी माझ्या घरात बरी हाय."

आठ महिने झाले. मास्तर आमच्या खोलीत असतात. दांडी धरून एकटे जाऊन येतात, पाणी पण भरपूर पितात. आक्का तीन वेळा भाकरी बांधून आणतात, त्यांना भरवतात, भांडं आमच्या मोरीत न धुता घरी नेतात. दुपारी उन्हात येतात, घामानं लुगडं पाठीला चिकटलेलं असतं. मी तांब्या पुढं करते. त्या म्हणतात, आत्ताच पिऊन आले.