माझ्या जागी गेली ती

आधी माझ्याबद्दल सांगते, म्हणजे पुढचं वाचून कुणी मला भोळसट म्हणणार नाही. मी आयुष्यभर नर्स होते. अंगात येणं, करणी, हडळ... असलं काही बोलत येणाऱ्या नातेवाइकांना मी स्वतः वॉर्डाबाहेर काढलंय. अमावस्या कधी आली नि कधी गेली, हे मला आजही कॅलेंडर बघूनच कळतं. तरी ही एक गोष्ट माझ्या बाबतीत घडलेली आहे. चारचौघांत कधी सांगितली नाही. या ग्रुपवर तुमचे अनुभव वाचले आणि वाटलं, ऐंशी उलटून गेली आता, कुणाला घाबरायचं?

साठ सालच्या आसपासची गोष्ट. तेव्हाचं पनवेल म्हणजे बंदर, भाताच्या गिरण्या, टांगे आणि एसटी स्टँड. रेल्वे अजून यायची होती. खाडीच्या बाजूला, वस्ती संपते तिथं, एका जुन्या वखारीत बायकांचा आश्रम होता. नाव लिहीत नाही, चालवणाऱ्यांची नातवंडं अजून गावात आहेत. नवऱ्यानं मारलेल्या, टाकलेल्या, घरातून पळून आलेल्या बायका तिथं राहायच्या. पुढं पडवी, मग ऑफिसची खोली, मग लांब बोळ, बोळाच्या दोन्ही बाजूंना आमच्या खोल्या आणि अगदी शेवटी धान्याची कोठी. मागं दार नव्हतं. कोठीला एकच खिडकी, तिलाही गज. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढं प्रत्येकानं मला हेच विचारलं.

मी उरणकडची. आमचे लोक मिठागरावर कामाला. लग्न झालं तेव्हा मी सोळा-सतराची असेन. नवरा, बाळाराम, दारू पीत नव्हता. हे ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. तो शुद्धीत मारायचा. मीठ ओढायच्या फावड्याच्या दांड्यानं, आणि मारून झालं की शांतपणे जेवायला बसायचा. दोनदा माहेरी पळून गेले. दोन्ही वेळा बापानं परत आणून सोडलं. "आता तुजं घर तेच हाय, बाय," म्हणाला. तिसऱ्या वेळी मी माहेरी गेलेच नाही. अंगावरच्या लुगड्यानिशी पनवेलची गाडी धरली.

आश्रमात माझ्या खोलीत यमुना होती. उरणजवळच्या मोरा बंदरातली कोळीण, माझ्याहून थोडी मोठी. तिच्या नवऱ्यानं तिचा डावा हात मनगटातून मोडला होता. वेळेवर कुणी बसवला नाही, त्यामुळं तो तळवा बाहेर वळलेलाच राहिला होता. चालताना तो हात मागून असा वेगळाच दिसायचा. पण त्याच हातानं ती माझ्या दुप्पट भाकऱ्या थापायची. आवाज घोगरा, हसणं मोठ्ठं. मी सुरुवातीला झोपेत ओरडायचे, तेव्हा उठून माझ्या डोक्यावर हात ठेवायची. "हिरे, निज. हितं कोण नाय येत," म्हणायची.

पण येत होते. आश्रमाचा खरा कारभार वकीलसाहेबांच्या हातात होता. गावात मोठं नाव, कोटाला सुरकुती पडलेली कधी कुणी पाहिली नाही. त्यांचं म्हणणं असं, की संस्था संसार जोडायला आहे, मोडायला नाही. नवरा येऊन पडवीवर बसला, डोळ्यांत दोन थेंब आणले, की वकीलसाहेब विरघळायचे. मग आमच्या माई, म्हणजे आश्रम सांभाळणाऱ्या विधवा बाई, त्या बाईची ओटी भरायच्या आणि तिला एसटीत बसवून यायच्या. तांदूळ, नारळ, खण... सासरी जाणाऱ्या लेकीसारखं. गावात याचं फार कौतुक व्हायचं.

यमुनाला तसंच पाठवलं. ती जाताना नुसती माझ्याकडे बघत राहिली.

पंधरवडा झाला असेल नसेल. बाजारात मासळी घेऊन आलेल्या कोळणींनी सांगितलं, यमुना गेली. मोऱ्याच्या धक्क्यावरून पाय घसरला म्हणे. जिनं चालायला लागल्यापासून तो धक्का पायाखाली घातला, ती धक्क्यावरून घसरून बुडाली! आम्ही बायका रडलो. वकीलसाहेब माईंना म्हणाले, "दुर्दैव. पण संसारात होती, सौभाग्यवती गेली." मी बोळात उभी राहून हे कानांनी ऐकलंय.

आणि त्याच महिन्यात बाळाराम आला.

दुपारची वेळ, जेवणं नुकतीच उरकली होती. तो पडवीवर हात जोडून बसला होता. मी बोळातून त्याचा आवाज ऐकला. "साहेब, चुकला माजा. आता अंगाला बोट नाय लावणार."

वकीलसाहेब म्हणाले, "त्यानं माझ्यासमोर शब्द दिलाय. माई, मुलीला तयार करा."

माई माझ्याकडे आल्या. त्यांची नजर माझ्या नजरेला भिडेना. "हिरा, बोचकं आवर. तुला न्यायला आलेत."

"माई, तो मला मारून टाकील."

"मी काय करू गं? माझ्या हातात काय आहे?"

माझं बोचकं कोठीत खुंटीला होतं. ते काढलं आणि माझ्या पायातलं बळच गेलं. तांदळाच्या कणगीला टेकून खाली बसले. उठायचं म्हटलं तरी उठवेना. बाहेरून माईंची हाक आली, "हिरा! आवरलं का?"

मी तोंड उघडायच्या आत बोळातून कुणीतरी म्हणालं, "आले."

घोगरा आवाज. अगदी दाराच्या पलीकडून. मग अनवाणी पावलं बोळातून पडवीकडे गेली.

मला वाटलं, दुसरी कुणी असेल. पण पुढं काही गोंधळ ऐकू येईना. माई "बैस हो पाटावर" म्हणाल्या. मग नारळ, तांदूळ, "सांभाळून राहा" वगैरे. वकीलसाहेबांचा खोकला. मी कशीबशी गजांना धरून उभी राहिले. त्या खिडकीतून स्टँडकडे जाणारा रस्ता दिसायचा. बाळाराम पुढं चालला होता. त्याच्या मागं माई. आणि माईंच्या बाजूनं एक बाई, माझ्यासारखं हिरवं लुगडं, काखेत माझ्यासारखं बोचकं, डोक्यावरून पदर. माझं लुगडं माझ्या अंगावर होतं. माझं बोचकं माझ्या पायाशी पडलं होतं.

तिचा डावा हात तळवा बाहेर करून लोंबत होता.

मी ओरडले नाही. खरं सांगू? मला भीतीसुद्धा वाटली नाही. मी परत खाली बसले आणि तिथंच मला झोप लागली. कित्येक महिन्यांत लागली नव्हती अशी.

मला जाग आली ती माईंच्या किंकाळीनं. संध्याकाळचे तांदूळ काढायला त्या कोठीत आल्या होत्या. हातातलं पातेलं गडगडत गेलं. "तू... तू? मी आत्ता तुला गाडीत बसवून आले! गाडी हलेपर्यंत उभी होते मी!"

"मी इथंच आहे, माई. उठलेच नाही."

त्यांनी माझा चेहरा चाचपून पाहिला. मग हळूच म्हणाल्या, "कुंकू लावलं तेव्हा कपाळ गार लागलं मला. म्हटलं, घाबरलीय पोर."

वकीलसाहेबांना बोलावणं गेलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एका वाक्यात निकाल लावला. "मधल्या थांब्यावर उतरून पळत आली असेल. लबाड आहे मुलगी." मागं दार नाही, पडवीवर बाकीच्या बायका वाती वळत बसल्या होत्या, त्यांच्यातल्या एकीनंही मला आत येताना पाहिलं नव्हतं. पण वकीलसाहेबांना साक्षीदार नको होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं बाळाराम आणि त्याची आई आली. त्याचा उजवा हात फडक्यात बांधलेला, सुजून काळानिळा. मी अंगणात तांदूळ निवडत होते. मला बघून तो फाटकातच मटकन बसला. सासू तर आत यायलाच तयार होईना. "साहेब, ती नाय आमची सून! ती हडल हाय!"

वकीलसाहेबांनी दरडावून विचारलं तेव्हा बाळारामनं सांगितलं. ती गाडीत गप्प बसली होती. घरी आली, गप्पच. सासूनं सांगितलं तशी चुलीपाशी बसली, भाकऱ्या थापल्या. दिवेलागणीला त्यानं तिला विचारलं, पळालीस का? ती भाकरी थापतच राहिली. मग त्यानं हात उचलला.

"शब्द दिला होतास ना?" माई मध्येच म्हणाल्या.

"मारला तर रडली नाय," तो म्हणाला. "परत मारला. तर पदर मागं सारला तिनं आणि माज्याकडं बघून हसली. म्हणली, मार की. मना आता लागत नाय."

त्याला राग आला. तो मारत गेला. ती जागची हलली नाही. दगडावर हात आपटावा तसं लागत होतं म्हणे. हाताची हाडं मोडली तेव्हा तो थांबला. ती उठली, चुलीवरची भाकरी उलथली आणि उघड्या दारातून बाहेर गेली. बांधापर्यंत सासूनं पाहिली. पुढं नाही.

"चेहरा कुणाचा होता?" माईंनी विचारलं.

"हिचाच," तो म्हणाला. "हात तेवढा हिचा नव्हता."

त्याच अंगणात काडीमोड झाली. सासूच घाई करत होती. ते गेल्यावर वकीलसाहेबांनी मला बोलावलं. मला वाटलं, आता तरी यमुनाचं नाव निघेल. ते म्हणाले, "संस्थेची बदनामी होईल. हिला इथं ठेवता येणार नाही." बस्स, एवढंच. नवऱ्यानं मारलं म्हणून मला आसरा मिळाला होता, आणि नवऱ्याचा हात मोडला म्हणून तो आसरा गेला.

माई मला घेऊन निघाल्या. लांबच्या एका गावी इस्पितळात त्यांच्या ओळखीची नर्स होती, तिच्या हाताखाली मला आयाच्या कामाला लावलं. गाडीतून उतरताना माझा हात धरला आणि म्हणाल्या, "यमुनाची ओटीसुद्धा मीच भरली होती गं." त्यानंतर माईंनी आश्रम सोडला, असं कानावर आलं. त्या मला पुन्हा भेटल्या नाहीत.

मी शिकले, नर्स झाले आणि काही वर्षांनी नोकरीच्या निमित्तानं परत पनवेलला आले. एके दिवशी दवाखान्यात एक बाई आली. सुंदरा तिचं नाव. गाल फाटलेला, डोळा बंद. टाके घालायची तयारी करताना नवऱ्याचं नाव विचारलं. बाळाराम. गावही तेच.

"त्याचा उजवा हात..." मी म्हटलं.

"तो कामाचा नाय," ती म्हणाली. "डाव्यानं मारतो."

माझ्या हातातली सुई तशीच राहिली. मला वाटलं होतं, त्या दिवशी काहीतरी संपलं. संपलं ते माझ्यापुरतं.

सुंदराला मी घरी आणली. पनवेलात तेव्हाही दुसरी जागा कुठं होती? एकच, आणि तिथले वकीलसाहेब मला माहीत होते. आठवड्याभरात बाळाराम दारात आला. मी पुढं झाले. तो माझ्याकडे बघत राहिला आणि हळूहळू त्याच्या तोंडाचा रंग उडाला.

"तू कंची?" त्यानं विचारलं. "हिरा का ती?"

मी नुसती बघत राहिले. तो पाठमोरा न होता, तसाच मागं मागं गेला आणि पुन्हा कधी आला नाही. सुंदरा शेवटपर्यंत माझ्याकडे राहिली.

डॉक्टरांना मी विचारून बघितलंय. भास, मनाला बसलेला धक्का... हे सगळं मी स्वतः पेशंटच्या घरच्यांना समजावलेलं आहे. पण माईंनी जिची ओटी भरली, बाळारामनं जिच्यावर हात मोडून घेतला, ती माझ्या भासातली कशी असेल? मला कळलेलं नाही. कुणाला कळलं तर सांगा.

यमुनाच्या नवऱ्याला कुणी कधी काही विचारलं नाही. तो मोऱ्यालाच राहिला, म्हातारा झाला आणि आपल्या घरात, अंथरुणावर मेला.