शेपटीचं अधिक-उणे

ह्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा रिमोटवर उडणारं त्यांचं मॉडेल हेलिकॉप्टर जेवणाच्या टेबलावर अर्धवट जोडलेलं पडलं होतं. दवाखान्यातून घरी आले, हळूहळू चालायला लागले, पण उजव्या हाताची बोटं काही ऐकेनात. बारीक स्क्रू चिमटीत धरता येईना. एका सकाळी म्हणाले, “देऊन टाक हे कुणाला तरी.”

“कशाला? तुम्ही सांगा, मी जोडते.”

“तू?”

मी निवृत्त गणिताची शिक्षिका. घरातला साधा फ्यूजही कधी बदलला नव्हता. पण ज्या आवाजात ते ‘देऊन टाक’ म्हणाले, तो मला सहन झाला नाही.

मग रोज चहानंतर आमचा वर्ग भरू लागला. ते खुर्चीत बसून डाव्या हाताने दाखवायचे, मी जोडायची. “तो नाही, त्याहून बारका.” “सगळेच बारके आहेत.” “चष्मा लाव, मग फरक कळेल.” आयुष्यभर मुलांना मी जशी बोलले, तशीच बोलणी आता मी खात होते. स्क्रू सैल होऊ नये म्हणून त्याला गोंदाचा थेंब लावायला शिकले, वायरींचे रंग ओळखायला शिकले.

हिंजवडीच्या पलीकडे एका पडीक शेतात रविवारी सकाळी हौशी मंडळी मॉडेल्स उडवतात. तिथे गेलो. मी रिमोटच्या दोन काड्यांपैकी डावी जरा वर सरकवली, आणि जमीन सुटते न सुटते तोच हेलिकॉप्टर भोवऱ्यासारखं स्वतःभोवती गरगरलं, आडवं झालं आणि पातं मोडलं.

“काकू, तुम्ही राहू द्या,” एक गृहस्थ म्हणाले. “पुढच्या वेळी आम्ही बघतो काय ते.”

ह्यांचं निदान ठाम होतं. शेपटीच्या पंख्याची पाती कलती करणारी छोटी मोटर बिघडली असणार. ती बदलली, नवी पाती बसवली. पुढच्या रविवारी पुन्हा तेच.

दुसऱ्या दिवशी मी वरची मोठी पाती काढून ठेवली, बॅटरी जोडली आणि हेलिकॉप्टर हातात धरलं. आत जायरो नावाची एक डबी असते. यंत्र नको तिकडे वळलं की शेपटीला उलट ओढायला लावून ते सरळ ठेवणं, हे तिचं काम. मी नाक डावीकडे वळवलं. शेपटीची पाती हलली. मग रिमोटवरून मुद्दाम डावीकडे वळण्याचा हुकूम दिला. पाती तशीच, त्याच बाजूला हलली! म्हणजे जायरो यंत्राला आवरत नव्हता, उलट आणखी ढकलत होता. मी पुन्हा करून पाहिलं. तेच.

“अहो, इकडे या. मोटर चांगली आहे. चिन्ह चुकलंय. उण्याच्या जागी अधिक झालंय.”

“ते सेटिंग मी स्वतः केलंय.”

“म्हणूनच म्हणते.”

त्यांनी डाव्या हाताने हेलिकॉप्टर वळवून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि मग इतके हसले की मलाच त्यांना सावरावं लागलं. आजारपणानंतर ते पहिल्यांदाच तसे हसले. जायरोची दिशा आम्ही उलटवली आणि वर नवी पाती बसवली.

त्या रविवारी हेलिकॉप्टर गुडघाभर उंचीवर उचललं गेलं आणि तिथेच थांबलं. थोडं थरथरलं, पण नाक हललं नाही. मी ते अलगद उतरवलं. मंडळी जवळ आली. पहिल्या रविवारच्याच त्या गृहस्थांनी ह्यांना विचारलं, “काका, दोष कुणी काढला?”

“आमच्या हिने,” हे म्हणाले. “माझी चूक होती.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, हे दुसरं वाक्य मी त्यांच्या तोंडून चारचौघांत कधी ऐकलं नव्हतं. मी मान खाली घालून बॅटरी काढायला लागले, पण हसू काही आवरेना. मग त्यांनी डावा हात पुढे केला. “रिमोट जरा इकडे धर.” डावी काडी त्यांनी घेतली, उजवी मी. खांद्याला खांदा लावून आम्ही ते पुन्हा उचललं, या वेळी पार डोक्याच्या वर.