चुलीमागचा भूगोल

लोकांना वाटतं, किस्से आठवावे लागतात. आम्हा मास्तरणींचं तसं नाही. दोघी भेटलो की पहिला कप संपायच्या आत तीन किस्से होऊन जातात, आणि तिसरी आली की चहाचं आधण पुन्हा ठेवावं लागतं. हे किस्से जमवायला आम्ही काही कष्ट घेतले नाहीत. परीक्षेला बसलेल्या तीन आया आणि तिघींची मिळून आठ पोरं, एवढं भांडवल पुरलं.

गोष्ट स्वातंत्र्याच्या आधीची. निपाणीच्या मुलींच्या शाळेत मी आणि सुशीलाबाई शिकवत होतो. सुशीलाबाई बेळगावच्या वकिलाची मुलगी, निपाणीत डॉक्टरच्या घरी दिलेली. बोलणं पुस्तकातल्यासारखं शुद्ध. तिसरी पुतळाक्का. ती बोरगावच्या शाळेत होती, शेतकऱ्याच्या घरातली, आमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिघीही अनट्रेण्ड. एक दिवस वरून हुकूम आला की सर्टिफिकेटची परीक्षा पास व्हा, नाही तर जागा सोडा. ट्रेनिंग कॉलेजात जाऊन दोन वर्षं राहणं आम्हा लेकुरवाळ्यांना शक्य नव्हतं. बाहेरून बसायची सोय होती, पण प्रयत्न फक्त दोन.

तिघींनी एकाच दिवशी फॉर्म भरले. मागं फिरायला लाज वाटावी म्हणून.

*

माझे मालक तंबाखूच्या वखारीत कारकून होते. घरात माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायची. मी फॉर्म भरल्याचं कळल्यावर त्या काही रागावल्या नाहीत, पण एकच प्रश्न विचारला, "ही अभ्यासाला बसणार, मग सकाळी पोरास्नी न्हाऊ कोण घालणार?"

मालक पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "मी."

आत्याबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. पण दुसऱ्या दिवशी मालकांनी खरोखरच धोतर खोचलं आणि दोन्ही मुलींना घेऊन न्हाणीत शिरले. मी आत इतिहास वाचत होते, पण लक्ष सगळं न्हाणीकडं. आरडाओरडा नाही, रडणं नाही. मला नवल वाटलं.

आठवडाभर हे चाललं. मग एका सकाळी आत्याबाई सहज म्हणाल्या, आज मी घालते न्हाऊ. तर मोठी मुलगी मालकांच्या मागं जाऊन लपली. म्हणाली, "नको, बाबाच बरे. ते कान घासत न्हाईत, पाठ घासत न्हाईत, नुसतं पाणी वततात."

त्या दिवसापासून न्हाऊ घालायचं काम आत्याबाईंनी परत घेतलं, आणि मला सकाळचा एक तास मिळाला तो कायमचा.

*

रविवारी तिघी सुशीलाबाईंच्या मागच्या पडवीत जमायचो. पुतळाक्का बोरगावहून मिळेल त्या गाडीनं यायची, कडेवर धाकटा आणि पिशवीत पुस्तकं. पोरांना आतल्या खोलीत एकत्र सोडून द्यायचं आणि आम्ही पडवीत वाचायचं, असा बेत असायचा.

एका रविवारी बालसंगोपनाचं पुस्तक काढलं. सुशीलाबाई स्वच्छ आवाजात वाचत होत्या, "मूल रडण्याची कारणे पाच. भूक, झोप, थंडी किंवा उष्णता, ओले कपडे आणि दुखणे." आम्ही वहीत उतरवून घेत होतो. तेवढ्यात आत एक पोर रडायला लागलं. मग दुसरं. मग चार-पाच एकदमच. सुशीलाबाई उठल्या. सगळ्यांचं खाऊन झालं होतं, झोप झाली होती, कपडे कोरडे होते. सगळी तपासणी करून त्या परत आल्या आणि गोंधळून म्हणाल्या, "पाचांतलं एकही कारण लागू पडत नाही हो."

पुतळाक्का वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, "सहावं लिवून घ्या बाई. आया परीक्षेला बसल्यात."

*

पुतळाक्काला भूगोल काही केल्या पाठ होईना. शाळा, तीन पोरं, गोठ्यात दोन म्हशी आणि चूल. बसून वाचायला तिला वेळच नव्हता. मग तिनं एक युक्ती काढली. चुलीच्या मागच्या सारवलेल्या भिंतीवर कोळशानं भूगोल लिहायचा. नद्या डाव्या बाजूला, डोंगर उजव्या बाजूला, पिकं मध्यभागी. भाकरी थापताना समोर बघत पाठ करायची. दर शनिवारी घर सारवलं जायचं, तेव्हा ती भिंतही सारवली जायची. म्हणजे आठवड्याचा भूगोल शनिवारच्या आत डोक्यात जायलाच पाहिजे. नाही तर तो शेणाखाली गेला.

तिची सासू कडक बाई. सुनेनं मास्तरकी करणं तिला मुळातच पसंत नव्हतं. भिंत काळी होते म्हणून तिनं पहिल्यांदा बरीच कटकट केली, असं पुतळाक्का सांगायची.

एकदा सणासाठी पुतळाक्काची जाऊ आली. शनिवार होता. तिनं सगळं घर सारवलं आणि शेवटी शेणाचा गोळा घेऊन चुलीमागं वळली. तर सासू बाहेरून धावत आली आणि तिचा हात धरला. "ती भित ऱ्हाऊ दे. हिचं नर्मदा आन तापी अजून झालं न्हाय."

*

सर्टिफिकेटच्या आधी शाळा तपासणाऱ्या डेप्युटीसाहेबांसमोर एक पाठ द्यावा लागायचा. साहेब मागं खुर्ची टाकून बसायचे, आणि आपण वर्ग शिकवायचा. साहेब कडक म्हणून प्रसिद्ध होते. हसलेले कुणी पाहिले नव्हते.

सुशीलाबाईंचा पाठ होता झाडाच्या भागांवर. आठ दिवस तयारी केलेली, तक्ते काढलेले. पाठ रंगात आला आणि दारातून त्यांची दोन वर्षांची मुलगी शांता आत आली. घरातल्या बाईच्या हातून सुटून, रस्ता ओलांडून, थेट शाळेत. वर्ग ओलांडला आणि आईच्या निऱ्यांना मिठी मारली. मी दाराबाहेर उभी राहून बघत होते.

सुशीलाबाईंनी वाक्य तोडलं नाही. एका हातानं शांताला उचलून कडेवर घेतलं, दुसऱ्या हातानं फळ्यावर मूळ, खोड आणि फांदी काढली. शांता आईच्या खांद्यावरून साहेबांकडं टक लावून बघत होती. पाठ संपला. साहेब शेरा लिहून निघून गेले.

शाळेच्या वहीतला तो शेरा मी स्वतः वाचलाय. "पट चाळीस, हजर एकेचाळीस. पाठ उत्तम."

*

लेखी परीक्षा बेळगावला होती, चार दिवस. आम्ही तिघी सुशीलाबाईंच्या भावाकडं कॅम्पात, म्हणजे पलटणीच्या छावणीच्या भागात, उतरणार होतो. निघायच्या सकाळी माझ्या धाकट्या मुलीला ताप चढला. अंग भाजत होतं. मी बांधलेली पिशवी सोडली आणि तिच्याजवळ बसले. मालक डॉक्टरना आणायला गेले. मी मनात ठरवूनच टाकलं होतं, गेला एक प्रयत्न.

आत्याबाई आल्या. मुलीच्या कपाळाला हात लावून बघितला. मग माझी सोडलेली पिशवी पुन्हा बांधायला लागल्या. मी म्हटलं, आत्याबाई, मी जात नाही. त्यांनी गाठ मारली आणि म्हणाल्या, "ताप माझ्याकडं ठेव. तू पेपर घेऊन जा. मी चार पोरं वाढवलीत, सर्टिफिकेट नसंना का."

मी गेले. पण पहिल्या पेपरला काय लिहिलं ते आजही आठवत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर मोटार स्टँडवर गेले, कारण मालकांनी सर्व्हिस मोटारीच्या ड्रायव्हरकडं निरोप देईन म्हटलं होतं. ड्रायव्हरनं मला बघितलं आणि लांबूनच हात वर केला.

"मास्तरीणबाई, पोरीचा ताप उतरलाय. पेज पिली. आन म्हातारीनं सांगितलंय, पेपर वाईट गेला तर घरला यायचं न्हाय."

त्या दिवशीचा पेपर मी हसत लिहिला. पर्यवेक्षकांना वाटलं असेल, प्रश्न सोपे आहेत.

*

त्याच मुक्कामातली आणखी एक गोष्ट. पुतळाक्का कॅम्पात पहिल्यांदाच आलेली. आपल्याला जाग येणार नाही आणि परीक्षेची घंटा चुकेल, याची तिला धास्ती. खरं तर म्हशींची धार काढायला उठणारी बाई, तिला जाग कशी येणार नाही? पण परीक्षेची भीती अशीच असते.

पहाटे फटफटायला लागलं आणि पलटणीचं बिगूल वाजलं. पुतळाक्का ताडकन उठली. तिला वाटलं, हीच घंटा. आम्हाला हाक मारायचंही तिला सुचलं नाही. दौत आणि टाक घेतला, पदर खोचला आणि आवाजाच्या दिशेनं सुटली. थेट परेडच्या मैदानाच्या फाटकापर्यंत. तिथं पहारेकऱ्यानं अडवलं. आपल्याच मुलखातला जवान होता. कुठं निघाला म्हणून त्यानं विचारलं. ही धापा टाकत म्हणाली, "परीक्षा सुरू झाली का?"

त्यानं तिच्या हातातली दौत बघितली, मागं मैदानात रांगेत उभ्या असलेल्या पलटणीकडं बघितलं आणि अगदी अदबीनं म्हणाला, "आक्का, ही आमची परीक्षा हाय. तुमची अजून चार तासांनी."

*

निकाल लागला. मी आणि सुशीलाबाई पास. पुतळाक्का भूगोलात पहिली आली आणि गणितात गेली. त्रैराशिकानं तिचा घात केला.

ती रविवारी आली नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. मग आम्ही दोघी बोरगावला गेलो. पुतळाक्का गोठ्यात होती. म्हणाली, "माझं डोस्कं तेवढंच हाय. पोरास्नी बघते, म्हशी बघते. ऱ्हाऊ दे आता." आम्ही खूप समजावलं, पण तिनं मान हलवली नाही. तिचे मालक बापू एका बाजूला औताचा दोर वळत बसले होते. त्यांना सही करण्यापुरतंसुद्धा अक्षर येत नव्हतं. त्यांनी विचारलं, ते गणित तरी काय असतं? सुशीलाबाईंनी सांगितलं, चार माणसं सहा दिवसांत एक काम करतात, तर आठ माणसं किती दिवसांत करतील?

"तीन," बापू म्हणाले. दोर वळायचं थांबले नाहीत.

सुशीलाबाईंनी दुसरं घातलं, जरा अवघड. बापूंनी क्षणभर आभाळाकडं बघितलं आणि उत्तर दिलं. तिसरं, चौथं, पाचवं. एकही चुकलं नाही. पुतळाक्का शेणाचे हात तसेच ठेवून नवऱ्याकडं बघत होती. पंधरा वर्षांच्या संसारात तिला हे माहीत नव्हतं.

"तुमास्नी कुणी शिकवलं?" तिनं विचारलं.

"कुणी न्हाय. रानातलं तण भांगलायला बायका सांगायच्या असतील तर हिशेब करायला लागतोच की."

त्या वर्षी बोरगावच्या रानात, बांधावर बसून, बापूंनी तिला त्रैराशिक शिकवलं. ते माणसं, औतं, पोती सांगायचे आणि ती ते पाटीवर मांडायची. दुसरा प्रयत्न म्हणजे शेवटचा. पुतळाक्का गणितात आमच्या दोघींपेक्षा जास्त मार्कांनी पास झाली. नंतर डेप्युटीसाहेबांनी तिला विचारलं, गणिताला कोण मास्तर लावला होता?

ती म्हणाली, "मास्तर घरचाच हाय साहेब. फकस्त त्याला लिवायला मी शिकवतेय."

*

सर्टिफिकेट मिळाल्यावर दोन वर्षांनी निपाणीत मुलींची आणखी एक शाळा निघाली आणि तिथं हेडमास्तरीण म्हणून मला नेमलं. पहिल्या दिवशी माझ्या धाकटीचं नाव घालायचं होतं. मी लवकर गेलेली, म्हणून तिला घेऊन आत्याबाई आल्या. नवं लुगडं नेसल्या होत्या. धाकटी त्यांचा हात सोडेना, म्हणून आत्याबाई तिच्याबरोबर शेवटच्या रांगेत तरटावर बसून राहिल्या. गुडघे दुखायचे त्यांचे, बसायलाच त्यांना वेळ लागला.

मी बाहेर शिपायाशी बोलत होते. बोलणं झालं आणि हजेरीची वही घेऊन वर्गात आले. रीतीप्रमाणं सगळ्या मुली उभ्या राहिल्या. मी खाली बसा म्हणणार, एवढ्यात शेवटच्या रांगेत हालचाल दिसली. आत्याबाई एक हात भिंतीला आणि एक हात नातीच्या खांद्याला देऊन हळूहळू उठत होत्या.

मी घाईनं म्हटलं, "आत्याबाई, तुम्ही बसा. तुम्ही कशाला उठताय?"

त्या पुऱ्या उभ्या राहिल्या. पदर डोक्यावर नीट घेतला.

"आत्याबाई घरात," त्या म्हणाल्या. "हितं बाई आत आल्या की उठायचं असतंय."