माझं गाढव डोळा मारत नाही

पडद्यावरचं काही आवडलं नाही की आधी त्या चष्मा कपाळावर चढवायच्या, नाकपुड्या आक्रसायच्या आणि म्हणायच्या, "शी! मेलंय हे." बस्स. त्या शॉटवर तुम्ही आठवडा घालवलेला असो की महिना. मग चष्मा खाली आणि पुढचा शॉट.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल, ज्याच्या नाकाकडे सगळे बघत बसतात. आमच्याकडे त्या होत्या. कंपनी फ्रेंच, कॉम्प्युटरवर अ‍ॅनिमेशन करणारी. ऑफिस लंडनमधलं. आणि सगळ्यांत जुन्या अ‍ॅनिमेटर मूळच्या पुण्याच्या, साठी ओलांडलेल्या, पिनर या उपनगरात एकट्या राहणाऱ्या. मी वर्क व्हिसावर आलेला सॉफ्टवेअरवाला. पात्रांच्या आत हाडं बसवायचं काम माझं, ती हाडं हलवून पात्र चालतं-बोलतं करायचं काम त्यांचं. "तू सांगाडे पुरव, जीव मी बघते," म्हणायच्या. मी त्यांना ताई म्हणायचो, कारण नावानं हाक मारायची इथली पद्धत माझ्या जिभेला कधी जमली नाही.

कंपनीचा इतिहास मला त्यांनीच सांगितला, लंचला मेथीची भाजी पोळीत गुंडाळून खाता खाता. शिष्यवृत्तीवर त्या पॅरिसला गेल्या आणि तिथे एका चित्रकारानं त्यांना आपल्या नव्या स्टुडिओत घेतलं. या संस्थापकाला त्या कायम 'आमचा वेडा' म्हणत. चार माणसं आणि मासळीच्या दुकानावरची एक खोली. "कपड्यांना असा वास यायचा, मेट्रोत माणसं सरकून बसायची." कॉम्प्युटर इतका तापायचा की त्यावर मोजे वाळायचे. एक चित्र पडद्यावर उमटेपर्यंत यांचं जेवण होऊन भांडी घासून व्हायची. आधी टीव्ही चॅनेलांची नावं गरगर फिरवली, मग जाहिरातीसाठी दह्याचे डबे नाचवले. "दही नाचतं का रे? शी!"

आणि मग गाढव आलं.

लहान मुलांच्या मालिकेतलं ते राखाडी गाढव ताईंनी चालवलं. शाळेच्या वाटेवर, नदीकाठी वाळू वाहणारी गाढवं त्यांनी पाहिली होती. वाटेत डबकं आलं की गाढव थांबतं, खाली बघतं, एक कान मागे टाकतं आणि वळसा घालून जातं. ते थांबणं त्यांनी फ्रेंच गाढवात घातलं, आणि मुलं त्या थांबण्यावर खूश झाली. इथेच जन्मलेली माझी पुतणी, जी अजून 'तो भाजी' म्हणते, तीसुद्धा डबकं दिसलं की थांबून एका हातानं आपला कान मागे ओढायची. हे सांगितलं तेव्हा ताई पोळी हातात धरून बराच वेळ हसत राहिल्या. "म्हणजे अजून चालतंय म्हण ना," एवढंच म्हणाल्या.

त्या गाढवावर स्टुडिओ मोठा झाला, लंडनला शाखा निघाली आणि ताई इकडे आल्या. वेड्यानं हौसेनं एक लांबलचक सिनेमा काढला, तो साफ आपटला, आणि कंपनी विकावी लागली. नवे मालक गुंतवणूकदार. त्यांना अ‍ॅनिमेशन काय आणि गोठवलेले वाटाणे काय, सारखंच. त्यांनी लंडनला ज्युलियन नावाचा साहेब पाठवला. हा माणूस पात्रांना 'अ‍ॅसेट' म्हणायचा. बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, आणि त्याचा हात कायम ओलसर असायचा. ताई त्यानंतर रुमालानं खांदा पुसायच्या, त्याच्या देखत.

मग स्टुडिओचा वर्धापनदिन साजरा झाला. एक हॉल, ट्रेमधून फिरणारी कोळंबी, बोटं चाटत बोलणारे सुटातले पाहुणे. वेडा पॅरिसहून युरोस्टार रेल्वेनं मुद्दाम आला होता, पांढऱ्या केसांचा, देखणा. आधी स्टुडिओच्या इतिहासाची फिल्म दाखवली. त्यात मासळीच्या दुकानाचा पत्ता नव्हता. पॅरिसमधला एक उजेडाचा पोटमाळा होता आणि त्यात तीन तरुण फ्रेंच पुरुष. एका फोटोत त्यांच्या बाजूला एक हात दिसत होता, कोपरापर्यंत, हिरव्या बांगड्यांचा. पुढचं कापलेलं.

"हात छान आलाय," ताई माझ्या कानाशी म्हणाल्या.

त्यानंतर ज्युलियन माईकवर आला आणि म्हणाला, "हा झाला भूतकाळ. आता भविष्य बघा." पडद्यावर गाढव आलं. आमचं गाढव. डबक्यापाशी थांबलं, कान मागे टाकला. हॉलमध्ये कौतुकाचा सूर उमटला. मग त्यानं टुणकन डबक्यात उडी मारली, डबक्यातून सोन्याची नाणी उसळली, गाढवानं आमच्याकडे बघून डोळा मारला आणि खाली जुगाराच्या एका अ‍ॅपचं नाव झळकलं.

टाळ्या पडल्या. एका पाहुण्यानं तर कोळंबीची शेपटी तोंडात तशीच धरून टाळ्या वाजवल्या. आजही कोळंबी पाहिली की मला तो माणूस दिसतो आणि अन्न जात नाही.

ताई उभ्या राहिल्या. "हे कुणी केलं?"

ज्युलियन हसला. यंत्राला तुमचे सगळे जुने शॉट शिकवले, त्यानं आपोआप केलं, असं त्यानं समजावलं. आणि वर म्हणाला, "म्हणजे एका अर्थी तुम्हीच केलंत."

"माझं गाढव डोळा मारत नाही," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "त्याला मुलांशी लबाडी करता येत नाही." आणि बाहेर गेल्या.

मी कोट घेऊन मागे धावलो. त्या लेडीज टॉयलेटमध्ये होत्या आणि आतून ओकाऱ्यांचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं तोंड पुसत बाहेर आल्या. "कोळंबीनं नाही हं," म्हणाल्या. "कोळंबीला मी हातसुद्धा लावला नाही."

तेवढ्यात वेडा कॉरिडॉरमध्ये आला. त्या माझ्यादेखत फ्रेंच सोडून इंग्रजीत बोलल्या, बहुधा मी साक्षीदार असावा म्हणून.

"तुला माहीत होतं?"

त्यानं खांदे उडवले. "हक्कांच्या कागदावर सही मागितली, दिली. अगं, एक गाढव तर आहे."

त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. नाकपुड्या आक्रसल्या. "शी," म्हणाल्या.

इतकी वर्षं शेजारी बसून त्या माणसाला मराठीतला हा एकच शब्द येत होता. त्याचा चेहरा कानापर्यंत लाल झाला.

दुसऱ्या दिवशी ताईंनी राजीनामा दिला. जाहिरातीवर 'मूळ प्रेरणा' म्हणून त्यांचं नाव घालणार होते, ते त्यांनी भांडून काढायला लावलं. जाहिरात मात्र लागली. संध्याकाळी, मुलं जागी असताना लागली. हाउन्सलोच्या बसच्या पाठीवर गाढव महिनोन्महिने डोळा मारत हिंडत होतं. पिनरचं घर सोडून ताई केंब्रिजला लेकीकडे गेल्या.

पुढच्या वर्षी जुगारवाल्यांना गाढव नाचवून हवं झालं. यंत्राला ते जमेना. पाय एकमेकांतून आरपार जायचे, मान गळायची. ज्युलियननं मला बोलावून ओला हात खांद्यावर ठेवला. "तू तिच्या भाषेतला. तू फोन कर."

मी ऑफिसबाहेर जाऊन फोन लावला. मागे कुकरची शिट्टी झाली.

"काय रे, जेवलास का?"

मी सगळं सांगितलं. पलीकडे चरचरून फोडणी पडली.

"त्याला सांग, ती बाई गेली."

"ताई, काहीतरीच काय बोलता!"

"सांग रे. मेल्या माणसाला कुणी नाच करून मागत नाही. आणि खोटं बोलायला लाजू नकोस, तिथे सगळे तेच करतात. ठेव आता, वांगी लागतील खाली."

मी आत जाऊन सांगितलं. ज्युलियननं कपाळाला हात लावला, 'ओ नो' म्हणाला आणि लगेच विचारलं, "मग नाचाचं काय करायचं?"

पण रीत म्हणून रीत पाळली. कंपनीनं एक मेल पाठवला, त्यात ताई 'आमच्या परिवाराचा आत्मा' होत्या. मग सगळ्यांना किचनपाशी उभं करून मौन पाळलं. कुणी हळूच फोन बघत होतं, ज्युलियन घड्याळ. मी मान खाली घालून उभा होतो आणि माझ्या डोळ्यांसमोर भरली वांगी. शेवटी एका मुलीनं विचारलं, "त्या काय करायच्या नेमकं?"

त्या संध्याकाळी वेड्याचा पॅरिसहून मला फोन आला. तो नुसता रडत होता. मी ताईंना कळवलं.

"रडू दे," म्हणाल्या. "उद्या सांगेन त्याला."

सांगितलं की नाही, मी विचारलं नाही.

ताई खरोखर गेल्या त्याला दोन हिवाळे झाले. झोपेतच गेल्या, लेकीनं मला पहाटे कळवलं. केंब्रिजच्या क्रेमॅटोरियममध्ये आम्ही मोजकी माणसं होतो. लेक, जावई, नातवंडं, पिनरच्या दोन मैत्रिणी आणि मी. नातीनं मोडक्या मराठीत श्लोक म्हटला, मध्येच विसरली आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणाली. बाहेर बारीक पाऊस होता.

कंपनीतून कुणी आलं नाही. त्यांचं उरकलं होतं.